मोटारीने घाटाखाली

व्याख्यानमालेचे दिवस आणि आपल्या गावातील माणसे कोकणात उतरण्याचे दिवस साधारणपणे एकच. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, इकडे उन्हाचा पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो, आणि ज्याच्या दारी मोटार उभी आहे अशा गृहस्थाच्या घरात हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली ही नावे ऐकू येऊ लागतात. पूर्वी हा प्रवास बहुतेक लोक एस. टी. ने करीत, नाहीतर भाड्याची गाडी आणि तिचा मुरलेला चालक बरोबर घेत. आता मोटार घरची आणि हाकणारेही घरचेच. त्यांचे शिक्षण झालेले असते ते जालना रस्त्यावर, आणि फार तर नगर-पुण्याच्या वाटेवर. त्या सपाटीवर जे कधी शिकावे लागत नाही, त्याची गरज घाटात पहिल्याच वळणावर लागते. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलात शिरून विचार करावयाचे योजिले आहे.

आरंभीच एक समजूत दुरुस्त करून घेतली पाहिजे. घाट म्हटला की आपल्या मनात चढण येते. परंतु छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचे औरंगाबाद, हे समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर वसलेले आहे. आपले खुलताबाद तर ८०० मीटरांच्याही वर आहे. इगतपुरी सुमारे ६०० मीटरांवर आणि माळशेजचा माथा सुमारे ७०० मीटरांवर. याचा अर्थ असा की आपण घरातून निघतो तेव्हाच जवळजवळ घाटमाथ्याच्या पातळीवर असतो. दोन-तीनशे किलोमीटर मोटार हाकूनही आपण उंचीच्या हिशेबाने जागचे फारसे हललेले नसतो, आणि मग दहा-पंधरा किलोमीटरांच्या अवधीत ती सगळी उंची एकदम उतरावयाची असते. सह्याद्री हा पूर्वेकडून पाहिला तर डोंगरच नव्हे. तो आपल्या दख्खनच्या पठाराचा तुटलेला काठ आहे. मुंबईचा माणूस प्रथम चढतो आणि परत येताना उतरतो. आपण मात्र प्रथम, नवखे असताना, सामानाने लादलेली गाडी घेऊन उतरतो. आपल्या अडचणी मुंबईकरांच्या अडचणींपेक्षा निराळ्या आहेत त्या यामुळेच.

ही उतरण आपल्या भागाला नवी नाही. पैठण ही सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवृत्तात पैठण आणि तेर या दोन बाजारपेठांची नावे आली आहेत. वाटा धड नसलेल्या मुलखातून तेथला माल गाड्यांवर घालून भडोचच्या बंदराकडे नेत, असे तो सांगतो. कल्याण आणि सोपारा या कोकणातील बंदरांकडे जाणारी जवळची वाट मात्र जुन्नरजवळच्या नाणेघाटाने उतरत होती. त्या घाटाच्या माथ्यावर नागनिका राणीचा शिलालेख असलेले लेणे आहे, आणि खिंडीच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असे परंपरा सांगते. काचेवर चिकटवलेल्या पट्टीवरून आज आपला पथकर आपोआप कापला जातो. त्या कराचा आद्य पूर्वज पाहावयाचा असेल त्याने नाणेघाटात जावे, मात्र पायी जावे, कारण ती वाट दगडी पायऱ्यांची आहे. पुढे निजामशाहीच्या काळी चौल हे या बाजूचे मोठे बंदर होते. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली, तीच आपली नगरी. तेव्हाही समुद्राकडे जाणारा माल बैलाच्या पाठीवरच घाट उतरत असे. चाकाची गाडी घाटातून नीट उतरू लागली ती इंग्रजी अमलात. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्याच घाटातून आगगाडी १८६३ साली धावली आणि कसाऱ्याच्या थळघाटातून १८६५ साली.

आज मोटारीने उतरण्यास आपल्याला बऱ्याच वाटा आहेत. नगर, आळेफाटा, ओतूर या मार्गाने माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणास जाता येते. पुण्याहून मुळशीच्या धरणाच्या कडेने ताम्हिणी घाट उतरला की माणगाव, आणि तेथून श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर. भोरहून वरंध घाटाने महाड. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर. कऱ्हाड-पाटणहून कुंभार्ली घाटाने चिपळूण. कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी, गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने वैभववाडी, राधानगरीहून फोंडा घाटाने कणकवली, आणि आजऱ्यावरून आंबोली घाटाने सावंतवाडी. यांपैकी ताम्हिणी सर्वांत देखणा आणि आंबेनळी सर्वांत कठीण असे माझे मत आहे. नवख्याने कुंभार्ली किंवा आंबा पत्करावा. तेथे एस. टी. ची आणि मालगाड्यांची सततची ये-जा असल्यामुळे रस्त्याला वहिवाट आहे, आणि अडचण आली तर मागून कोणीतरी येतेच.

समृद्धी महामार्गाने यात एक मोठा बदल केला आहे. नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचा हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता टप्प्याटप्प्याने खुला होत गेला. पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजी. या शेवटच्या भागात सुमारे आठ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. त्यामुळे सावंगीला किंवा माळीवाड्याला महामार्गावर चढलेला माणूस कसाऱ्याच्या घाटाचे एकही वळण न घेता कोकणात पोचतो. सोय मोठीच झाली. तथापि घाट चुकला तरी उतार चुकत नाही. इगतपुरीची उंची आणि भिवंडीची सखलता होती तेथेच आहे. फरक एवढाच की तो उतार आता सरळ आणि गुळगुळीत रस्त्यावर पसरलेला असल्यामुळे हाकणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही, आणि वेग मात्र वाढत जातो. वळण माणसाला जागे ठेवते. सरळ उतारावर ते काम स्वतःच करावे लागते.

उतार म्हणजे नेमके काय, हे थोड्या आकडेमोडीने पाहू. गाडी, पाच माणसे, सामान आणि परतताना आणावयाच्या आंब्यांच्या पेट्यांसाठी रिकाम्या ठेवलेल्या जागेत जाताना कोंबलेल्या गाद्या, हे सर्व मिळून दीड हजार किलोग्रॅम वजन धरू. हे वजन ६०० मीटर खाली आले म्हणजे सुमारे ८८ लाख ज्यूल एवढी ऊर्जा मोकळी होते. तिला कोठेतरी जावे लागते. ती जर वेगात गेली तर गाडी दरीत गेली म्हणून समजावे. म्हणून आपण ब्रेक दाबतो आणि तिचे रूपांतर उष्णतेत करतो. ही उष्णता किती? साधारण २८ लिटर गार पाणी उकळीला आणावयास पुरेल एवढी. आंघोळीचा एक मोठा बंब भरून उकळता करण्याइतकी आच आपण चार चाकांजवळच्या, तळहाताएवढ्या घर्षणपट्ट्यांवर ओततो. महाबळेश्वराहून पोलादपुरास उतरताना तर उंचीचा फरक १२०० मीटरांच्याही वर आहे. तेथे असे दोन बंब होतात.

आता या उष्णतेने काय होते ते पाहा. पट्ट्या अतिशय तापल्या की त्यांची पकड कमी होते. पाय पूर्वीइतकाच दाबला तरी गाडी पूर्वीइतकी थांबत नाही. याहून वाईट प्रकार ब्रेकच्या तेलाचा. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. साधारण प्रतीचे ताजे तेल २०५ अंशांच्या पुढे उकळते, पण तेच दोन-तीन वर्षे न बदलता राहिले आणि त्यात पाणी मुरले की १४० अंशांच्या आसपासच त्याला उकळी फुटू शकते. तेल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पायाखालची पट्टी स्पंजासारखी थेट खाली जाते आणि चाकाला काही कळतच नाही. घाटात 'ब्रेक फेल' झाला असे जे आपण वर्तमानपत्रात वाचतो त्यातील पुष्कळ प्रकरणांत ब्रेक तुटलेला नसतो, उकळलेला असतो. गाडी थंड झाल्यावर तो पुन्हा ठीक लागतो. म्हणून कोकणात जाण्यापूर्वी टायर आणि हवा पाहणाऱ्या गृहस्थाने ब्रेकचे तेल कधी बदलले होते हेही विचारावे. दोन वर्षांवर गेले असेल तर बदलून घ्यावे. खर्च थोडा आहे.

यावरील उपाय जुन्या मालमोटारवाल्यांना ठाऊक होता. ते सांगत, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरात पेट्रोलवरून पाय काढला की चाके इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनाला ते फिरणे जड जाते, आणि गाडी आपोआप अडून राहते. बंबभर उष्णतेतील मोठा वाटा अशा रीतीने इंजिन घेते, आणि त्याला गार राखण्याची व्यवस्था मुळातच केलेली असते. ब्रेक मग वळणाच्या आधी, थोडा वेळ, नेटाने लावावा आणि सोडून द्यावा. सबंध घाटभर त्यावर हलका पाय ठेवून उतरणे हे सर्वांत वाईट. गिअरविना चालणाऱ्या ज्या नव्या मोटारी निघाल्या आहेत त्यांतही खालचा टप्पा धरून ठेवण्याची सोय असते, पण मालकाने ती कधी वापरलेली नसते. विजेच्या मोटारीत तर उतारावर चाकांकडून वीज परत साठविली जाते, फार उत्तम योजना आहे ती. मात्र घाटमाथ्यावरच्या हॉटेलात चहा घेता घेता बॅटरी काठोकाठ भरून घेतली तर ती परत आलेली वीज घ्यावयास जागाच उरत नाही, आणि सारा भार पुन्हा ब्रेकवर पडतो. थोडी जागा रिकामी ठेवून उतरावे.

काही सद्गृहस्थ उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. पेट्रोल वाचते अशी त्यांची श्रद्धा असते. आजच्या इंजिनात तीही खरी नाही. गिअरात असताना पाय काढला की इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी तो थोडा चालूच ठेवावा लागतो. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि आवर तेवढी जाते. त्याहून पुढे जाऊन इंजिनच बंद करणारा महाभाग स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदतही घालवून बसतो.

जळल्यासारखा वास आला तर रुंद जागा पाहून थांबावे आणि अर्धा तास गप्पा माराव्यात. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नये, ती वाकते. चाकाखाली दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कडेला टाकावा. हे सांगण्याचे कारण असे की घाटात रात्री ज्या दगडांवर गाड्या आदळतात त्यांतील पुष्कळसे डोंगराने टाकलेले नसतात.

सराव कोठे करावा? त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. कन्नडचा औट्रम घाट आपल्या जिल्ह्यातच आहे. जेम्स आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावरून तो ओळखला जातो. तेथून चाळीसगावकडे, म्हणजे खानदेशच्या मैदानात, उतरता येते. ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत तेथेही दरडी कोसळून रस्ता बंद झाला होता. म्हणून पावसाळ्यात नव्हे, पण हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी दोनदा उतरून दोनदा चढले तर गिअरची भाषा कानाला कळू लागते.

घाटातील रीतिभातीविषयी दोन शब्द. अरुंद जागी समोरासमोर गाठ पडली तर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्यास जाऊ द्यावे. हे सौजन्य तर आहेच, शिवाय नियमांतही तसे लिहिलेले आहे. कारण उघड आहे. चढावर थांबलेली लादलेली गाडी पुन्हा हलविणे कठीण, उतारावरची गाडी हलविणे सोपे. दुसरे असे की तीव्र वळणावर लांब बसची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतल्या अंगाने जातात. त्यामुळे बसला वळणाची सगळी रुंदी लागते. ती दिसली की वळणाच्या अलीकडेच थांबावे. स्वित्झर्लंडात डोंगरी रस्त्यांवर टपालबसला मान आहे. तिच्या तीन सुरांच्या शिंगाचा आवाज आला की इतर गाड्या बाजूला होतात, आणि तिच्या चालकाने खूण केली तर ती पाळावी लागते. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण एस. टी. च्या चालकाने हाताने केलेली खूण मी तरी आजवर मोडलेली नाही. जो माणूस त्याच घाटातून दिवसाआड जातो त्याला वळणापलीकडचे दिसत असते. धुक्यात तर एस. टी. च्या मागे अंतर राखून निमूटपणे जाणे यासारखा दुसरा शहाणपणा नाही. प्रखर दिवा लावला तर धुक्याची पांढरी भिंतच उजळते, रस्ता दिसत नाही. दिवा खाली वळविलेला असावा.

येथपर्यंत गाडीचा आणि माणसाचा विचार झाला. आता डोंगराचा. वेरूळची लेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत त्याच जातीच्या कातळाचा सह्याद्री आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. मग एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. बाराशे वर्षे कैलास लेणे उभे आहे, आणि त्याच दगडाचा आंबेनळी घाट दर पावसाळ्यात कोसळतो, हे कसे? पहिले कारण पाऊस. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरात तो साडेपाच हजारांच्या वर जातो आणि आंबोलीत सात हजारांच्या. समुद्रावरून आलेले ढग या काठावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. आपल्या वाट्याला राहतात ते उरलेले. मराठवाड्याचा दुष्काळ आणि घाटातील दरड ही एकाच डोंगराची दोन कामे आहेत.

दुसरे कारण थरांत आहे. लाव्ह्याचा एक थर पसरल्यावर दुसरा येईपर्यंत मधला काळ गेला, तेवढ्यात पहिल्याचा पृष्ठभाग कुजून त्याची तांबडी, मातकट पट्टी झाली. घाटातील कापलेल्या कड्यात काळ्या दगडांच्या मधे गेरूसारखी आडवी रेघ दिसते ती हीच. कातळाला भेगा असतात. पाणी त्यांतून खाली झिरपते आणि या मातकट पट्टीपाशी अडते. पट्टी ओली होऊन निसरडी होते, मागे पाण्याचा दाब वाढतो, आणि पायाला रस्त्यासाठी कापलेला डोंगर वरचा भार घेऊन सरकतो. मोठी दरड येण्याआधी बहुधा काही खुणा दिसतात. रस्त्यावर नुकतेच पडलेले लहान खडे, निवळ वाहणाऱ्या झऱ्याला एकदम आलेली माती, कलंडलेली झाडे, दरीकडच्या कडेला समांतर गेलेली भेग. यांपैकी काही दिसले तर तेथे थांबू नये. छायाचित्रासाठी तर नाहीच नाही.

हे धबधब्याखाली गाड्या लावणाऱ्यांना विशेष करून सांगितले पाहिजे. माळशेजला, ताम्हिणीला आषाढ-श्रावणात सुटीच्या दिवशी जत्रा भरते. धबधबा रस्त्यावर पडतो, त्याच्याखाली गाडी उभी करून भिजावयाचे अशी रीत पडली आहे. पण पाणी जेथून पडते तीच डोंगराची पन्हळ असते. वरच्या उतारावर सुटलेला प्रत्येक दगड त्याच पन्हळीने खाली येणार. शिवाय दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमुळे रस्ता एका गाडीपुरताही उरत नाही. त्या गर्दीत अडकलेल्या एस. टी. त आणि रुग्णवाहिकेत सहलीला निघालेली माणसे नसतात. खालच्या तालुक्यांतून वरच्या मोठ्या दवाखान्यात न्यावयाच्या माणसाला घाट हीच एक वाट असते.

या खालच्या माणसांचा विचार आपण घाटावरचे लोक कमी करतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेथे रस्त्याचा दोष नव्हता, त्या दिवसांत पाऊसच तसा होता. त्याच पावसात वरंध आणि आंबेनळी हे दोन्ही घाट जागोजागी तुटले, चिपळूण पाण्याखाली गेले, आणि मदत वरून खाली पोचवावी तर वाटा बंद. त्याआधी तीन वर्षांपूर्वी, २८ जुलै २०१८ रोजी, आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली होती. तीसच्या आसपास माणसे दगावली, एकच वाचला. ती माणसे कोकणातलीच होती, रस्ता त्यांना अनोळखी नव्हता. घाटात ओळख उपयोगी पडते, पण ओळखीवर विसंबून चालत नाही.

अशा घटनेनंतर रस्ता रुंद करा ही मागणी होते. ती स्वाभाविक आहे, पण मला ती सरसकट पटत नाही. रस्ता रुंद करावयाचा म्हणजे डोंगराचा पाय आणखी कापावयाचा. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम चालू असताना दरडी येत राहिल्या, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात कामासाठी तो घाट दिवसातून काही तास बंदच ठेवावा लागला. काही ठिकाणी बोगदा हेच खरे उत्तर असते. पोलादपूर आणि खेड यांच्यामधील कशेडी घाटाला तसा पर्याय आता झाला आहे. पण सगळीकडे बोगदे होणार नाहीत. तेथे माझे मत साध्या गटारांना आहे. डोंगराकडच्या अंगाचे गटार मे महिन्यात साफ झाले, मोऱ्या मोकळ्या राहिल्या, तर पाणी रस्त्यावरून आडवे जाऊन दरीकडची भिंत खात नाही. गटार साफ करण्याच्या कामाचे उद्घाटन करता येत नाही, ही त्या कामाची मोठीच उणीव आहे.

घाट उतरला की संकट संपले असे मानणारे पुष्कळ असतात. खाली नद्या आहेत. त्या लांबीने तोकड्या, घाटातून थेट आलेल्या, आणि भरतीच्या वेळी त्यांच्या मुखाशी समुद्र वर आलेला असतो. त्यामुळे त्या तासा-दोन तासांत फुगतात. महाडजवळचा सावित्री नदीवरचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. बसगाड्या आणि आणखी काही वाहने गेली. पूल १९२८ सालचा होता. अंधारात पूल नाही हे कळावयास मार्गच नव्हता. तेथे चालकांनी काही चूक केली असे कोणी म्हणणार नाही. पण साकवावरून वाहते पाणी डोळ्यांनी दिसत असताना गाडी घालणारे आपण दरवर्षी पाहतो. त्यांच्यासाठी पुन्हा थोडे गणित. मोटारीचा तळ चार मीटर लांब आणि एक मीटर साठ सेंटिमीटर रुंद धरला तर तळाच्या वर पाणी दहा सेंटिमीटर चढले की ते गाडीला सुमारे ६४० किलोग्रॅमने उचलते. वीस सेंटिमीटर चढले की जवळजवळ तेराशे किलोग्रॅमने. गाडीचा तळ जमिनीपासून वीसेक सेंटिमीटरांवर असतो. म्हणजे गुडघ्याच्या आतबाहेर पाणी असले की लहान मोटार तरंगू लागते. तरंगणाऱ्या गाडीला ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही.

किनाऱ्याची गंमत मात्र वेगळीच. कोकणचा किनारा नकाशात सरळ दिसतो, पण रस्त्याने तो सरळ नाही. दर तीस-चाळीस किलोमीटरांवर एक खाडी आडवी येते. समोरचे गाव हाकेच्या अंतरावर दिसते आणि रस्त्याने जावे तर महामार्गापर्यंत आत जाऊन परत यावे लागते. यासाठी मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. स्थानिक लोक तिला जंगलजेटी म्हणतात. दिघी ते आगरदांडा, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, जयगडजवळ तवसाळ, अशा त्या चालतात. हरिहरेश्वर करून दापोलीस आणि तेथून गुहागरास जाणाऱ्याचा यामुळे सबंध दिवस वाचतो. बोटीत गाडी उलटी चढवावी लागली तर लाजू नये, बोटीवरचा माणूस सांगेल तसे करावे. गाडी गिअरात ठेवावी, हातब्रेक लावावा, आणि मुलांना घेऊन खाली उतरावे.

वाळूवर मात्र गाडी नेऊ नये. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, म्हणून काल सायंकाळी जेथे वाळू कोरडी होती तेथे आज तशीच असेल असे नाही. ओहोटीच्या वेळची ओली वाळू फरशीसारखी दिसते, पण चाक फिरू लागले की खाली पाणी भरते आणि गाडी आसापर्यंत रुतते. मग गावातला ट्रॅक्टर शोधण्याची धावपळ सुरू होते, आणि भरती कोणाची वाट पाहत नाही. किनाऱ्यावर गाडी नेण्यास बहुतेक ठिकाणी बंदीही आहे.

परतीचा घाट चढणीचा, आणि तो तुलनेने सोपा. इंजिन तापते, ब्रेक नाही, आणि तापलेल्या इंजिनाची सूचना काट्यावर दिसते. खालचा गिअर वेळेवर घ्यावा, वळणात शिरल्यावर नव्हे तर आधीच. काटा वर जाऊ लागला तर थंड हवेचे यंत्र थोडा वेळ बंद करावे. पेट्या गाडीच्या टपावर रचल्या असतील तर वळणात गाडी नेहमीपेक्षा अधिक कलते, तेवढे ध्यानात ठेवावे. निघण्याची वेळ सकाळची धरावी. दुपारी जेवून, आमरसाची सुस्ती अंगात घेऊन निघालेली मोटार अंधार पडता पडता घाटात पोचते, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तर त्याच वेळी ढग घाटमाथ्यावर उतरलेले असतात. कुंभार्लीने चढणाऱ्यास वर कोयनानगरला थांबता येते. तेथे गाडी दहा मिनिटे उभी करावी, चाकांवर हात न लावता नुसता जवळ धरून ऊब पाहावी, आणि एखादे चाक इतरांपेक्षा फारच तापलेले वाटले तर कऱ्हाडात पोचताच गॅरेजमध्ये दाखवावे. पुढे घरापर्यंतचा रस्ता बराच लांब आहे.